न मानवलेली गोळी

आमच्या कॉलेजच्या रसायनशाळेची किल्ली एकतीस वर्षं माझ्या कमरेला होती. तेवढ्या काळात प्रिन्सिपॉल सहा बदलले, पण किल्ली आणि कंबर तीच राहिली. माझ्या हातून फुटलेली काच मोजायला एका हाताची बोटं पुरतील, आणि त्यातल्या दोन बाटल्या मांजरानं पाडल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे मी जे कबूल करणार आहे ते वाचून, हा म्हातारा अगदीच टाकाऊ होता, असं कुणाला वाटायला नको.

मला सगळे नोंग गोर्यो म्हणतात, म्हणजे गोर्योदादा. ग्रेगोर्यो हे पूर्ण नाव फक्त बायको घेते, तेही रागावल्यावर. पण गोष्ट माझी नाही. मॅम लुमीची आहे.

इलुमिनादा गुम्बान हे तिचं कागदावरचं नाव. आमच्या गावात सगळ्यांची आडनावं ‘ग’नेच सुरू होतात. आमच्या बेटांवरच्या जुन्या राजवटीत स्पॅनिश साहेबानं आडनावांची वही फाडून गावोगाव पानं वाटली, तेव्हा आमच्या वाट्याला ‘ग’चं पान आलं. त्यामुळे बाहेरचा मास्तर हजेरी घ्यायला लागला की गाबासा, गालिनेरो, गेपुलान असं करत दहाव्या नावाला गडबडतो. मॅम लुमी कधी गडबडली नाही. ती गावचीच. लहानखुरी, काळी छत्री, हातात वेताची परडी, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण हरलोय हे घरी गेल्यावर कळावं.

कॉलेजात येण्याआधीपासून मी तिला ओळखत होतो, कारण ती एकदा आमच्या घरी बाटल्या विकायला आली होती. रसायनशास्त्राची पदवी होती, नोकरी नव्हती, म्हणून ताकदीच्या कॅप्सूल दारोदार विकत होती. तेव्हा सगळे विक्रेते करायचे तोच खेळ तिनंही करून दाखवला. पेल्यात पाणी घेतलं, त्यात जखमेला लावायचं तपकिरी बेटाडिन टाकलं आणि माझ्या बायकोला म्हणाली, “नांग नातिंग, हे समजा तुमचं रक्त. विषानं असं गढूळ झालंय.” मग कॅप्सूल फोडून तिची पूड टाकली. पाणी क्षणात स्वच्छ.

नांग म्हणजे ताई. नातिंग काही शिकलेली नाही, पण बाजारात मासे विकून तिचं आयुष्य गेलं, तिला कुणी सहज फसवू शकत नाही. ती म्हणाली, “आणि कालामान्सी पिळलं तर?”

कालामान्सी म्हणजे आमचं बोराएवढं लिंबू. अंगणात झाड होतंच. नातिंगनं दुसरा पेला भरला, बेटाडिन टाकलं, चार कालामान्सी पिळली. तेही पाणी स्वच्छ झालं.

लुमी आधी खो खो हसली. मग बाटल्या पिशवीत भरल्या आणि म्हणाली, “नांग, हे मला माहीत होतं. चार वर्षं शिकलेय मी हे. आणि तेच विसरायचं सोंग करत दारोदार हिंडतेय.” त्यानंतर तिनं एकही बाटली विकली नाही. त्या दिवशीपासून माझ्या बायकोची ती लाडकी झाली. मला मात्र वाटलं होतं, मुलीचं डोकं फिरलंय.

पुढे ती आमच्या कॉलेजात लागली. दर सहा महिन्यांनी नवा करार, अशी अकरा वर्षं. तिला दिला होता तो विषय कुणालाच नको असायचा: विज्ञान न घेणाऱ्या पोरांना सक्तीचं विज्ञान. वर्गात अर्धी पोरं हॉटेलची, पुढे जहाजावर नाहीतर दुबईत चादरी घालायला जाणारी, आणि अर्धी गुन्हेशास्त्राची, म्हणजे पोलिसात जाणारी. वर्ग कॅन्टीनला चिकटून. तळलेल्या माशाचा वास आणि रसायनशास्त्र, दोन्ही एकाच खिडकीतून.

पहिल्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. “नोंग, बारा टेस्ट ट्यूब हव्यात.”

मी वही उघडली. माझ्या वहीत रकाने होते: तारीख, वस्तू, वर्ग, सही. “कुठला वर्ग?”

“हॉटेल आणि पोलीस.”

मी वही मिटली. “मॅम, रागावू नका. या पोरांना लॅब हियांग नाही.”

हियांग हा आमचा शब्द. गोळी, साबण, डॉक्टर, सून, जे माणसाला मानवतं ते हियांग. मानवलं नाही की हियांग नाही, आणि तसं म्हटलं की वाद संपतो. त्यावर कुणी काही बोलत नाही, कारण दोष कुणाचाच नसतो. म्हणून तर मी तो शब्द वापरला. शिवाय लॅबच्या दारावर मी एक पाटी लावली होती: ‘काच फोडाल तर भरून द्याल.’ नर्सिंगची पोरंसुद्धा ती वाचून हळू चालायची.

लुमी भांडली नाही. “बरं, नोंग,” म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी तिच्या परडीत कॉफीच्या रिकाम्या बरण्या होत्या, ताडीचा व्हिनेगर होता आणि बेटाडिन होतं. पोरांना तिनं सांगून ठेवलं होतं, घरात जी गोळी, जी पूड, जी ताकदीची बाटली असेल, ती एकेक घेऊन या.

आता आमच्याकडे कुठल्याही घरात या, देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी एक बाटली असतेच. कुणाची मावशी विकते, कुणाची आत्या. गोरं करणारी, बारीक करणारी, केस उगवणारी, आणि तिन्ही एकदम करणारी. चाळीस पोरांनी बेचाळीस बाटल्या आणल्या.

मी तिकडे कशाला गेलो असं विचाराल तर कॅन्टीनमध्ये कॉफी प्यायला. ती रोज जरा लांबायची, एवढंच.

असंच दरवर्षी चालायचं. अकराव्या वर्षीच्या वर्गात जुनमार गेपुलान नावाचा दांडगा पोरगा होता, पोलिसवाला. पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅम, मला विज्ञान जमत नाही म्हणून तर मी पोलीस होतोय.”

“छान. मग चौकशी कर,” मॅमनं त्याच्याच लोलाची, म्हणजे आजीची, बाटली त्याच्यापुढे ठेवली. “हा संशयित. जबाब घे.”

जुनमारनं लेबल वाचलं. सांधे, साखर, रक्तदाब, तारुण्य. मग बाटली फिरवून खालची मुंगीएवढी अक्षरं वाचली आणि ओरडला, “मॅम, इथं लिहिलंय हे औषध नाही! हा तर पहिल्याच प्रश्नाला कबूल झाला!”

वर्ग असा हसला की कॅन्टीनवालीनं डोकावून पाहिलं. लेबलवरचा एकेक शब्द मग फळ्यावर गेला. हे कशाचं नाव, ते कशापासून होतं, आणि हे तीन टक्के तर उरलेले सत्त्याण्णव काय. त्या पोरांना अणू आणि रेणू हे लोलाच्या बाटलीतून कळले. तेच पुस्तकातून शिकताना नर्सिंगवाल्यांना मी रडताना पाहिलं होतं.

एकदा तिनं बक्षीस लावलं. “तुमच्या आत्या म्हणतात ना, आमच्या मालात केमिकल नाही? ज्यात केमिकल नाही अशी एक बाटली मला आणून दाखवा.” पोरं दोन दिवस शोधत होती. शेवटी जुनमार रिकामी बाटली घेऊन आला. त्याला वाटलं, जिंकलो. तेव्हा मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, “तिच्यात हवा आहे की.”

ती रोजेलिन गालिनेरो. हॉटेलवाली. सहा महिन्यांत तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आई किनाऱ्यावर मासे वाळवायची, त्यामुळे पोरीच्या अंगाला वास येतो असं कुणीतरी कधीतरी म्हणालं असणार, म्हणून ती मागे बसायची. मॅम लुमीनं तिच्याकडे असं पाहिलं की मला माझ्या पोरीच्या पदवीचा दिवस आठवला.

कॅल्शियमच्या गोळ्यांची गंमत वेगळी. ताडीच्या व्हिनेगरमध्ये एकेक गोळी टाकली. आरोग्य केंद्रातली फुकटची गोळी सुरसुर करत फेसाळून विरली. जुनमारच्या लोलाची, चकचकीत डबीतली, दोन दिवस तशीच्या तशी.

“मॅम,” जुनमार म्हणाला, “म्हणजे ही लोलाच्या पोटातून शाबूत बाहेर पडत असणार.”

“असेल.”

“पुरावा आणू?”

“नको!” सगळा वर्ग एका सुरात.

एक सांगतो, मॅमनं गोळ्यांना कधी शिव्या दिल्या नाहीत. “गोळी चांगली की वाईट हे सांगायला मी आले नाही,” ती म्हणायची. “गोळी काय करते ते बघायला आपण बसलोय.” पण पोरं घरी जाऊन जेवताना बोलायची, आणि आत्या-मावश्या ते ऐकायच्या. डीनसाहेबांकडे तक्रारी गेल्या. एकदा नाही, सात वेळा.

डीन आबोर्दो शहरातून आलेले. मी त्यांच्या खोलीतला पंखा दुरुस्त करत शिडीवर होतो तेव्हा त्यांनी मॅमला बोलावलं. शिडीवरचा माणूस त्यांना दिसत नाही.

“मॅम, हा विज्ञानाचा वर्ग आहे की औषधाचं दुकान?”

“साहेब, दुकानात प्रश्न विचारत नाहीत. माझ्या वर्गात विचारतात.”

डीनसाहेबांना ते आवडलं नाही. त्यांनी कागद सरकवला. कायम नोकरीची एक जागा निघाली होती. फेब्रुवारीत तीन जणांची समिती येऊन तिचा एक धडा पाहणार होती. “विषय दिलाय: द्रावण. लॅबमध्ये घ्या, नीट काचेच्या भांड्यांत, लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणे. बाटल्या, गोळ्या, कालामान्सी, काही एक नको. धडा बिघडला तर जागा दुसऱ्याला. आणि पुढच्या वर्षी हा विषय ठेवायचा की नाही, तेही त्याच दिवशी ठरेल. समजलं?”

“समजलं, साहेब.”

अकरा वर्षांत साहेबांपुढून तिला पहिल्यांदाच मी वाद न घालता बाहेर पडताना पाहिलं. पंख्याचा स्क्रू माझ्या हातून दोनदा पडला.

दुसऱ्या दिवशी ती यादी घेऊन आली, खाली डीनची सही. मी मुकाट्यानं बीकर काढून दिले. ती म्हणाली, “काय नोंग, आता पोरं हियांग झाली का?”

“सही आहे ना,” मी म्हणालो. आणि बीकर पुन्हा मोजले.

धड्याच्या दिवशी पोरं कडक इस्त्री करून आली. मी दारात उभा होतो आणि सवयीनं, खरंच फक्त सवयीनं, प्रत्येकाला म्हणत होतो, “हळू. काच आहे. फुटली तर बघा.” चाळीस पोरं अंग चोरून बसली. मागे समिती. दोघं नुसते मान डोलावणारे, मधोमध डॉक्टर पानेस. सत्तरीच्या बाई, पांढरा अंबाडा, त्यांच्यापुढे आमच्या जिल्ह्यातले निम्मे रसायनशास्त्राचे मास्तर कधी ना कधी नापास झालेले. डीनसाहेब भिंतीला टेकून.

मॅमनं धडा सुरू केला. मीठ पाण्यात. साखर पाण्यात. वाळू पाण्यात. सगळं अगदी आराखड्याप्रमाणे, आणि सगळं मेलेलं. ती विचारायची, पोरं बीकरकडे बघायची. पालथ्या घड्यावर पाणी. ज्या जुनमारचं तोंड कॉफीच्या बरण्यांपुढे बंद व्हायचं नाही, तो दोन्ही हात मांडीखाली घालून बसला होता, चुकून काही फुटू नये म्हणून. हे मी केलं होतं.

“काही प्रश्न?” मॅमनं विचारलं.

डॉक्टर पानेस कागदावर काहीतरी लिहू लागल्या. तेवढ्यात रोजेलिन उभी राहिली.

“मॅम, गोळी विरघळली, तरी ती हियांग नसेल तर?”

डीनसाहेब खाकरले.

“कुणाला हियांग नाही?” मॅमनं विचारलं.

“आईला. केंद्रातल्या नर्सनं रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या दिल्यात, लाल. तीन महिने झाले. रक्त आहे तेवढंच. परवा मासे उलटवता उलटवता वाळूत पडली. आता म्हणते, मला ही गोळी हियांग नाही, आणि रविवारपासून बंद केली.” एवढं बोलून तिला धाप लागली. “मी ती केंद्रातली गोळी व्हिनेगरच्या बरणीत टाकून बघितली. विरघळते, मॅम. मग?”

“प्रश्न धड्यातला नाही,” डीनसाहेब म्हणाले. “बस, बाळ.”

रोजेलिन बसली नाही. मॅमकडे बघत राहिली.

मी मॅमचा चेहरा पाहत होतो. तिच्या हातात आराखड्याचा कागद होता. अकरा वर्षं, बावीस करार, आणि समोर ती तिघं. चार वाक्यं उरली होती धड्याची. ती वाचली असती तरी जागा मिळाली असती, कुणी नावं ठेवली नसती. तिनं कागद टेबलावर उलटा ठेवला.

“रोजेलिन, आई गोळी कशाबरोबर घेते?”

“पाण्याबरोबर.”

“नुसत्या?”

“म्हणजे… पेरूच्या पाल्याच्या पाण्याबरोबर. गोळीनं पोट बिघडतं ना, म्हणून लोला पाला उकळून देते. त्याच पाण्यानं गोळी घेते.”

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. त्यात नवल काय? पोट बिघडलं की पेरूचा पाला, हे आमच्याकडे बाळाला दात येण्याआधी कळतं. मीसुद्धा मान डोलावली.

मॅमनं मात्र डोलावली नाही. “गोळी आहे?”

रोजेलिननं दप्तरातून आईच्या टाकून दिलेल्या गोळ्यांची पुडी काढली.

“आणि पाला?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. डीनसाहेब भिंतीपासून सुटून पुढे आले. आणि इथं मी माझ्या एकतीस वर्षांतली सगळ्यात मोठी आगळीक केली. लॅबचं दार सताड उघडं टाकून मी जिना उतरून मागच्या अंगणात गेलो आणि पेरूच्या झाडाची फांदीच ओरबाडून आणली. बीकरात पाणी घेतलं, पाला कोंबला, स्पिरिटचा दिवा पेटवला.

“नोंग गोर्यो!” डीनसाहेब म्हणाले.

“साहेब, उकळतंय,” मी म्हणालो.

पाणी चहासारखं झालं तोवर मॅमनं रोजेलिनला पुढे बोलावलं होतं. पोरीनं गोळी नळाखाली चोळून तिचा लाल रंग काढला, ठेचली, पाण्यात ढवळली. पाणी फिकट हिरवट दिसलं. “घाल आता पाला,” मॅम म्हणाली.

रोजेलिननं पाल्याचं पाणी ओतलं. आधी काहीच नाही. मला वाटलं, बाईची नोकरी गेली आणि आपण फांदी आणून ती घालवली. मग बीकरचा तळ करडा झाला. मग जांभळट. आणि बघता बघता सगळं काळं, शाईसारखं काळं. पलीकडचं बोट दिसेना.

पोरं बाकांवर चढली. माझ्या काचेच्या लॅबमध्ये, बाकांवर! मी हूं की चूं केलं नाही.

“मॅम, हा खून झाला!” जुनमारला कंठ फुटला.

“कुणाचा?”

“लोखंडाचा! शरीरात शिरायच्या आधीच!”

“मारेकरी?”

“पेरू!”

“कच्चा पेरू खाल्ला की जीभ खरखरीत होते, ते काय असतं?” मॅमनं विचारलं.

“तुरट!” चाळीस आवाज.

“तेच तुरट पाल्यात आहे. ते लोहाला असं घट्ट धरतं की पोटाला ते सोडवून घेता येत नाही. गोळी गेली, पाला गेला, आणि दोघं हातात हात घालून बाहेर पडले. आता कुणी सोडवेल त्यांना?”

मग रोजेलिन हळूच म्हणाली, “कालामान्सी? वर्गात बेटाडिनचा रंग घालवला होता, तसं?”

लॅबमध्ये कालामान्सी कुठून येणार? पण जुनमारनं खिशातून तीन काढली. दुपारच्या माशावर पिळायची, केळीच्या पानात बांधलेली. मॅमनं अर्धं काळं पाणी दुसऱ्या बीकरात ओतून बाजूला ठेवलं, उरलेल्यात रोजेलिननं कालामान्सी पिळली. काळा रंग विरत गेला, विरत गेला, आणि पिवळसर पाणी उरलं. पोरांनी अशा टाळ्या वाजवल्या की कॅन्टीनवाली चमचा घेऊनच धावत वर आली.

“आईला सांग,” मॅम रोजेलिनला म्हणाली, “गोळी जेवणावर, आंबट कशाबरोबर तरी घ्यायची. पेरूचा पाला घ्यायचाच तर दोन-तीन तासांनी. आणि पोट बिघडतं हे नर्सला जाऊन सांगायचं, लपवायचं नाही.”

तेव्हा डॉक्टर पानेस उठल्या. काठी टेकत त्या रोजेलिनपाशी आल्या आणि इंग्रजी सोडून आमच्या बोलीत म्हणाल्या, “इनदाय, पोरी, मग हियांग म्हणजे काय गं?”

रोजेलिननं ओठ चावला. “लोला म्हणते, हियांग नाही म्हटलं की संपलं. मला वाटतं, मॅम, तिथून सुरू होतं. कशाबरोबर दिली, कधी दिली, ते विचारायचं असतं. नाहीतर गोळी बिचारी फुकट बदनाम.”

ती बोलत होती गोळीबद्दल. पण कान माझे तापले.

डॉक्टर पानेस जागेवर गेल्या आणि मोठ्यानं वाचत फॉर्म भरू लागल्या. “धडा आराखड्याप्रमाणे झाला का? नाही.” डीनसाहेबांनी जड श्वास सोडला. मॅम लुमी ताठ उभी होती, पण टेबलाची कड तिनं धरून ठेवली होती. पुढचं बाईंनी मनात वाचलं. मग म्हणाल्या, “ते काळं इकडे द्या. आणि एखादी काडी.” बाजूला ठेवलेल्या त्या पाण्यात त्यांनी काडी बुडवली आणि शेरा लिहिला. कागद गोळा करायचं काम माझं, म्हणून तो आधी मी वाचला. लिहिलं होतं: ‘ही बाई कायम हवी. आणि हिच्या पोरांना लॅबची किल्ली द्या.’

तो कागद डीनसाहेबांच्या हातात देण्याआधी मी दोनदा वाचला. आनंदानं की शरमेनं, मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

सगळे गेल्यावर मी बीकर धूत होतो. बोटं काळी झाली होती, निघत नव्हती. मॅम परडी आवरत होती. मी म्हणालो, “मॅम, चुकलं माझं. मी म्हणालो होतो, या पोरांना लॅब हियांग नाही.”

“कशाबरोबर देत होतात, नोंग?” तिनं विचारलं, आणि दारावरच्या पाटीकडे नुसतं पाहिलं.

मी शिडी आणली आणि पाटी उतरवली. खिळे गंजले होते, पण निघाले. घरी जाऊन नातिंगला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “पेल्यातल्या पाण्यावरून तुम्हाला अक्कल यायला पंधरा वर्षं लागली.” बायकोला शेवटचा शब्द लागतो, लागू दे.

जूनमध्ये कॉलेज उघडलं त्या दिवशी मॅमच्या कायम नोकरीचा हुकूम आला. त्याच दिवशी रोजेलिनची आई, नांग देलिया, वाळलेल्या माशांचं पुडकं घेऊन आली. रसायनशाळा वरच्या मजल्यावर आहे, जिना उभा. ती कुठेही न थांबता चढली, आणि वर आल्यावर धाप मला लागली होती, कारण तिला घ्यायला मी खाली गेलो होतो.

“काय नांग,” मी विचारलं, “गोळी हियांग झाली म्हणायची?”

“गोळी तीच आहे, नोंग,” ती म्हणाली. “आम्हीच शहाणे झालो.”

मॅम लुमीला टेस्ट ट्यूब हव्या होत्या, बारा. मी वही काढली. रोजेलिननं बरणीत ती काळी शाई जपून ठेवली होती, गाळून, झाकण लावून. मॅमनं त्याच शाईनं सही केली. तेव्हा अक्षरं करडी दिसली होती. ही शाई हवा लागेल तशी गडद होत जाते. गेल्या महिन्यात निवृत्त होताना मी जुन्या वह्या रद्दीत दिल्या आणि तेवढी एक घरी आणली, तर सही काळीकुळकुळीत होती.

मॅमनं सही केल्यावर ‘वर्ग’ हा रकाना रिकामा राहिला होता. काडी माझ्याकडे करून ती म्हणाली, “हे तुमचं काम, नोंग.” मी काडी शाईत बुडवली आणि लिहिलं: सगळे. एकतीस वर्षांत त्या रकान्यात मी बरोबर लिहिलेला तो पहिला शब्द.